फुली मारलेल्या संस्थेला एकदा फोन करा

पत्र

ताई, नमस्कार.

माझे मोठे भाऊ मागच्या वर्षी वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. जन्मभर शिवणकाम केलं, पै-पै जमवली. जायच्या आधी सगळी शिल्लक माझ्या नावावर केली आणि एवढंच म्हणाले, "चांगल्या कामाला दे. तू बघशील ते." साठीनंतर त्यांना मोतीबिंदू झाला होता, सुईत दोरा ओवता येईना. ऑपरेशननंतर पुन्हा मशीनवर बसले ते शेवटपर्यंत.

माझी अडचण अशी की दोन वर्षांपूर्वी मी फसले. मोबाइलवर एका लहान मुलाचा फोटो आला होता. हृदयाचं ऑपरेशन, दोन तासांत पैसे भरायचे आहेत, म्हणून. मी भरले. चार महिन्यांनी तोच फोटो दुसऱ्या नावानं, दुसऱ्या आजारासाठी फिरताना दिसला. तेव्हापासून कुठेही द्यायचं म्हटलं की हात मागे येतो.

म्हणून एक वही केली. 23 संस्था लिहिल्या. रकाने पाडले: स्थापनेचं वर्ष, प्रशासकीय खर्चाचे टक्के, पगारांचे टक्के, कुणी नामवंत जोडलेलं आहे का, इंटरनेटवर किती तारे. टक्के जास्त दिसले की लाल फुली. डोळ्यांचं काम करणारी एक छोटी संस्था मला मनापासून आवडली होती. पण तिचा निम्म्याहून जास्त खर्च पगारांवर होतो, म्हणून तिच्यावरही फुली मारली. आठ महिने यात गेले. आता तीन नावं उरली आहेत, तिन्हींचा प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या आत. यांतली कोणती निवडू? आणि दादाचे कष्टाचे पैसे पुन्हा भलत्याच्या हातात गेले तर?

— वही घेऊन बसलेली

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या एका फुलीपाशी अडखळले. तिच्याकडे येतेच. त्याआधी तो फोटो, कारण आठ महिने वही तुम्ही लिहीत असलात तरी पेन त्या फोटोच्या हातात आहे.

तुम्ही फसलात यात तुमच्या भोळेपणाचा दोष नाही. माणसाचं मन जसं चालतं त्याचा कुणीतरी गैरफायदा घेतला. 2007 मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी याचा प्रयोग केला होता. लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे दान करा म्हणून सांगितलं. काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीचा फोटो आणि तिची गोष्ट दिली. काहींना आफ्रिकेत किती लाख लोक उपाशी आहेत याचे आकडे दिले. रोकियासाठी सरासरी 2.38 डॉलर आले, आकड्यांसाठी 1.14. तिसऱ्या गटाला रोकियाची गोष्ट आणि आकडे दोन्ही दिले, तेव्हा रक्कम 1.43 वर आली. म्हणजे एक चेहरा पाहून विरघळणारं मन शेजारी आकडे ठेवले की आवरतं घेतं. आपण सगळेच असे आहोत. मीही आहे.

तेव्हा चेहरा पाहून डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, फक्त त्याच बैठकीत पैसे पाठवू नका. "दोन तासांत" असं कुणी म्हणालं की तिथेच थांबायचं. खरोखर ऑपरेशन असेल तर रुग्णालय असतं, रुग्णालयाचा नंबर तुम्ही स्वतः शोधून लावू शकता आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भरू शकता. आलेल्या लिंकवरून कधीच जायचं नाही. खातं संस्थेच्या नावावर हवं, कुणा व्यक्तीच्या नको. आणि संस्थेचं नाव अक्षर न अक्षर ताडून बघायचं, कारण प्रसिद्ध संस्थेच्या नावात एखादा शब्द इकडेतिकडे करून दुकान मांडणारे सगळ्या देशांत आहेत. एवढं पाळलं तर तुमच्या बाबतीत जे झालं तसं पुन्हा सहसा होणार नाही. ही भीती इथे संपवू या, कारण पुढचं काम वेगळं आहे. फसवणूक टाळणं आणि चांगली संस्था निवडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि तुमची वही पहिल्या गोष्टीच्या धाकानं दुसरी करायला बसली आहे.

आता टक्के.

मी नऊ वर्षं एका छोट्या संस्थेचे हिशेब लिहिले आहेत. आम्हाला एक मोठा देणगीदार होता आणि त्याची अट होती की प्रशासकीय खर्च 7 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. आमचा एक समन्वयक आठवड्यातले चार दिवस गावोगाव फिरायचा आणि दोन दिवस कार्यालयात बसायचा. त्याचा सगळा पगार मी 'कार्यक्रम खर्चा'त टाकायची. कार्यालयाच्या एका खोलीत महिन्यातून दोनदा प्रशिक्षण व्हायचं, म्हणून अर्धं भाडं 'प्रशिक्षण केंद्रा'च्या नावावर. एक पैसाही कुणी खाल्ला नाही. लेखापरीक्षकानंही हरकत घेतली नाही. आमचे टक्के सुरेख दिसायचे. पण त्याच अटीपायी जुना संगणक बदलायचं आम्ही तीन वर्षं टाळलं, आणि एके दिवशी तो कायमचा बंद पडला. त्यात बायकांच्या दोन वर्षांच्या पाठपुराव्याच्या नोंदी होत्या. कुणाला औषध सुरू केलं होतं, कुणाला पुन्हा तपासायला बोलवायचं होतं, सगळं गेलं. ती यादी मला पुन्हा कधीच पूर्ण उभी करता आली नाही. त्या वर्षीच्या अहवालात आमचा प्रशासकीय खर्च 6 टक्के होता. तुमच्या वहीत आमच्यावर फुली पडली नसती.

हे मी एकटीच म्हणते आहे असं समजू नका. 2013 मध्ये अमेरिकेतल्या तीन मोठ्या यंत्रणांनी, गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनी, देणगीदारांना उद्देशून एक जाहीर पत्र काढलं. ज्यांचा धंदाच संस्थांची माहिती आणि गुण देणं हा आहे, त्यांनीच त्यात सांगितलं की प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यांवरून संस्थेचं काम जोखू नका.

आणि तुमची खरी भीती फसवणुकीची आहे ना, मग हे ऐका. 2015 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी यंत्रणेनं, सगळ्या 50 राज्यांना सोबत घेऊन चार कर्करोग-संस्थांवर दावा दाखल केला. 2008 ते 2012 या काळात त्यांनी लोकांकडून 18 कोटी 70 लाख डॉलर गोळा केले होते, आणि बहुतेक पैसा चालक, त्यांचे नातेवाईक आणि पैसे गोळा करणाऱ्या कंपन्या यांच्यात गेला, असा आरोप होता. त्या दाव्यातली एक बाब मला विसरता येत नाही. आपला प्रशासकीय खर्च कमी दिसावा म्हणून त्यांनी 22 कोटी डॉलरहून जास्त किमतीच्या वस्तू दान मिळाल्या आणि परदेशी वाटल्या, असं कागदावर खोटं दाखवलं होतं, असं कमिशनचं म्हणणं होतं. एकूण आकडा फुगला की टक्के आपोआप खाली येतात. म्हणजे ज्या रकान्याचा तुम्ही आधार घेतलात, तोच रकाना लबाडांना सगळ्यात आधी रंगवता येतो. प्रामाणिक संस्था मात्र खरं लिहिते आणि लाल फुली घेऊन बसते.

टक्क्यांना काहीच अर्थ नाही असं नाही. एखादी संस्था शंभरातले साठ-सत्तर रुपये देणग्या गोळा करण्यावरच उडवत असेल आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं असेल, तर तिला सोडा. पण 5 आणि 18 यांतल्या फरकावरून काहीही कळत नाही. पगारांचं तर बोलायलाच नको. डोळ्यांचं काम म्हणजे तपासणारं माणूस, ऑपरेशन करणारं माणूस, पट्टी उघडताना शेजारी उभं राहणारं माणूस, पुन्हा घरी जाऊन विचारपूस करणारं माणूस. तिथे पगारांवर निम्मा खर्च नसता तर मी विचारलं असतं की मग काम कोण करतंय?

तेव्हा पहिली गोष्ट: वहीचं नवीन पान उघडा. जुनं फाडू नका, त्यातली नावं लागतील.

नव्या पानावर संस्थेच्या आधी कामाचं नाव लिहा. तुम्ही 23 संस्था एकाच यादीत मांडल्या आहेत, पण शाळा चालवणारी, झाडं लावणारी आणि मोतीबिंदू काढणारी संस्था एका रांगेत उभी करून त्यांची तुलना करायची कशी? आधी ठरवावं लागतं की मला जगातलं नेमकं काय बदलायचं आहे. तुमच्या पत्रात हे ठरलेलं आहे, तुमच्या लक्षात आलेलं नाही एवढंच. सुईत दोरा ओवता येईना, हे तुम्ही लिहिलंत. जगात अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण आजही मोतीबिंदू आहे, आणि त्यावर उपाय आहे. एक छोटं ऑपरेशन, डोळ्यात एक कृत्रिम भिंग. चांगल्या कामाची यादी न संपणारी आहे, पण दादांच्या पैशांना इतकी नेमकी वाट क्वचितच मिळते.

काम ठरलं की त्या कामातल्या तीन-चारच संस्था घ्या, आणि जुने रकाने सोडून त्यांना वेगळं विचारा.

सगळ्यात आधी: केलेल्या कामामुळे झालं काय? बहुतेक अहवाल काय केलं एवढंच सांगतात. इतकी शिबिरं, इतके चष्मे, इतकी ऑपरेशनं. ऑपरेशन झालं हा आकडा ठीक आहे, पण मला हवं आहे ते त्यानंतरचं. पट्टी काढल्यावर काही आठवड्यांनी त्या माणसाला फळ्यावरची अक्षरं कुठपर्यंत वाचता आली? किती जण पुन्हा तपासायला आले, आणि जे आले नाहीत त्यांच्याकडे कुणी गेलं का? कुणाच्या डोळ्यात जंतुसंसर्ग झाला? ज्या संस्थेकडे हे आकडे आहेत, मग ते फार चांगले नसले तरी, ती संस्था आपलं काम बघते आहे. जिच्याकडे फक्त शिबिरांची संख्या आणि हार घातलेल्या पाहुण्यांचे फोटो आहेत, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढा.

हे मी हट्टानं का सांगते? कारण मनापासून केलेलं, सगळ्यांना पटलेलं, तडाखेबंद जाहिरात झालेलं कामही फुकट जाऊ शकतं. दक्षिण आफ्रिकेत प्लेपंप नावाची कल्पना निघाली. मुलांच्या खेळायच्या चक्राला पाण्याचा पंप जोडायचा, मुलं गरगर फिरतील आणि पाणी टाकीत चढेल. कुणालाही आवडेल अशीच गोष्ट. 2006 मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलरचा निधी जाहीर झाला. 2010 पर्यंत 4,000 पंप आणि 1 कोटी लोकांना पाणी, असं ठरलं. मग कुणीतरी साधा गुणाकार करून पाहिला. 2009 मध्ये ब्रिटनच्या 'गार्डियन' दैनिकानं लिहिलं की एवढ्या लोकांना पाणी पुरवायचं तर मुलांना दिवसाचे 27 तास न थांबता खेळावं लागेल. प्रत्यक्षात मुलं कंटाळून निघून जायची आणि ते जड चक्र गावातल्या बायकांनाच ढकलत बसावं लागायचं. काही ठिकाणी त्यासाठी आधीचा चालू हातपंप काढून टाकलेला होता. हे असं होईल का, हे त्या बायकांना आधी विचारलं असतं तर त्यांनी लगेच सांगितलं असतं.

पैसा फुकट गेला एवढ्यावर भागलं तरी म्हणायचं नशीब. अमेरिकेत 1970 च्या दशकात उनाड मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दम भरवायचा कार्यक्रम सुरू झाला. मुलं घाबरतील आणि सुधारतील, हा हेतू. पुढे 9 काटेकोर चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा निघालं की तुरुंग दाखवलेली मुलं न दाखवलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करतात. काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं. अनाथाश्रमांच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवावे लागतात. जगभरातल्या अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात, आणि देणगी येते म्हणून मुलं घरातून उचलून आणल्याची उदाहरणं इतक्या देशांत सापडली की ऑस्ट्रेलियाच्या संसदेनं 2018 चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करण्याआधी जी चौकशी केली तीत त्याचाही विचार केला. तुमच्या 23 मध्ये असा आश्रम असेल तर एवढंच विचारा: मूल घरीच वाढावं म्हणून तुम्ही काय करता?

यानंतरचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तो फोनवरच विचारायचा, कागदावर त्याचं उत्तर सहसा नसतं. "गेल्या काही वर्षांत तुमचं काय चुकलं, आणि मग तुम्ही काय बदललंत?"

मी हा प्रश्न पुष्कळ जणांना विचारला आहे. बरेच जण म्हणतात, आमच्याकडे तसं काही नाही. काही जण म्हणतात, निधी कमी पडला. एका ठिकाणी मात्र फोनवरची मुलगी म्हणाली, "थांबा हं, रजिस्टर काढते." आणि पानं उलटल्याचा आवाज आला. त्यांनी खेड्यातल्या वयस्क बायकांना जवळचं वाचायचे चष्मे वाटले होते. सहा महिन्यांनी घरोघर जाऊन पाहिलं तर निम्मे चष्मे पेटीत, कापडात गुंडाळून ठेवलेले. का, तर सगळ्यांना एकाच जाड काळ्या चौकटीचे चष्मे दिले होते, आणि ते घातले की सुना हसायच्या. पुढच्या वेळी त्यांनी पाच तऱ्हेच्या चौकटी आणि एक आरसा नेला. ज्याला जी हवी ती. "आता पेटीत कमी सापडतात," ती म्हणाली, "पण अजून सापडतात. त्याचं कारण आम्हाला नीट कळलेलं नाही." मी त्या दिवसापासून त्या संस्थेला देते. मला तिच्या प्रशासकीय खर्चाचे टक्के आजही माहीत नाहीत.

चूक जाहीर सांगायची पद्धत काही मोठ्या संस्थांनीही पाडली आहे. कॅनडातल्या इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्सनं 2008 पासून आपल्या अपयशांचा वेगळा अहवालच छापायला सुरुवात केली. देणगी कुठे सगळ्यात उपयोगी पडेल याचा अभ्यास करणारी गिव्हवेल ही अमेरिकेतली संस्था 2007 मध्ये सुरू झाली. तिनं आपल्या चुकांची यादी स्वतःच्याच संकेतस्थळावर सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवली आहे. तुम्हाला इंग्रजी वाचायची सवय असेल किंवा भाच्याला वाचायला लावता येत असेल तर गिव्हवेलचे अहवाल जरूर बघा. पैसे त्यांनी सांगितलेल्या ठिकाणीच द्या असं नाही, पण प्रश्न कसे विचारायचे हे तिथे शिकता येतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या वहीत कुठेच नाही: त्या संस्थेला तुमच्या पैशांची गरज आहे का? काम उत्तम असणं आणि पैसे कमी पडत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय 1976 मध्ये 11 खाटांवर सुरू झालं. ज्यांना परवडतं त्यांच्या शुल्कातून ज्यांना परवडत नाही त्यांची ऑपरेशनं, या पद्धतीनं ते इतकं वाढलं की जगभरातले लोक ती पद्धत शिकायला तिथे येतात. नावाजलेलं काम आहे म्हणून आपली थैली तिथेच रिकामी करावी असं होत नाही. जिथे तुमच्या रकमेनं एखादी थांबलेली गोष्ट चालू होईल, अशी दुसरी जागा असू शकते. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर जग हेलावून पैसे पाठवत होतं. त्या वेळी मेदसाँ साँ फ्राँतिए या डॉक्टरांच्या संघटनेनं काही दिवसांतच जाहीर करून टाकलं की त्सुनामीसाठी आम्हाला पुरेसे पैसे मिळाले, आता त्यासाठी पाठवू नका. आलेल्यातला जास्तीचा पैसा दुसऱ्या संकटांसाठी वापरू का, असं देणगीदारांना पत्र लिहून विचारलं. पुष्कळांना ते उद्धट वाटलं होतं. मला मात्र पैशांच्या बाबतीत याहून सभ्य वागणूक आठवत नाही. तेव्हा सरळ विचारा: "ही रक्कम मिळाली तर जे आज होत नाही असं काय होईल?" उत्तर नेमकं हवं. "दुसऱ्या एका डॉक्टरचा वर्षाचा पगार निघेल आणि आठवड्यातला बंद असलेला दिवस चालू होईल," असं काहीतरी.

कागद बघायचे आहेतच, पण त्याला आठ महिने लागत नाहीत, एक दुपार पुरते. धर्मादाय संस्थांची नोंद ठेवणारं सरकारी खातं अनेक देशांत आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ती नोंद कुणालाही फुकट बघता येते. नोंदणी चालू आहे ना, विश्वस्त कोण, सगळे एकाच घरातले तर नाहीत ना, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब दिले आहेत ना. लेखापरीक्षकाचा शेरा वाचा, तो बहुधा शेवटच्या पानांत बारीक अक्षरात असतो. बँकेतली शिल्लक बघा. वर्ष-दीड वर्षाच्या खर्चाएवढी असली तर शहाणपणा आहे, दहा वर्षांची असली तर विचारा की कशासाठी ठेवलीय. हिशेब मागितल्यावर कुणी चिडलं तर तिथेच विषय संपला. तारे आणि नामवंतांची नावं हे रकाने मात्र काढून टाका. नामवंत माणूसही तुमच्याआमच्यासारखाच फोटो बघून येतो.

जमलं तर एकदा प्रत्यक्ष जा. कार्यालयात बसून चहा घेऊन परत येऊ नका. बाहेर बाकावर बसलेल्या बायाबापड्यांच्या शेजारी तासभर बसा. त्यांना किती वेळ थांबवलं जातं, नावानं हाक मारतात का, परत पाठवताना कारण समजावून सांगतात का, हे सगळं तिथून दिसतं. फोटो काढण्याआधी त्यांना विचारतात का, हेही बघा. ज्या फोटोनं तुम्हाला फसवलं तोही कुणातरी खऱ्या मुलाचाच होता, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. दादांचे पैसे वाया गेले तर?

एवढी चौकशी करूनही खात्री शंभर टक्के कधीच होत नाही, हे तुम्हाला आजच सांगते, म्हणजे त्या खात्रीची वाट बघत आणखी आठ महिने जाणार नाहीत. पण सगळी रक्कम एका दिवसात द्यायचं बंधन तरी कुणी घातलंय? निवडलेल्या संस्थेला आधी त्यातला छोटा भाग द्या. पावती किती दिवसांत येते, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येतं का, सहा महिन्यांनी काय झालं ते कुणी आपण होऊन कळवतं का, हे बघा. मनासारखं झालं तर बाकीची रक्कम दोन-तीन वर्षांत वाटून द्या. संस्थेला पुढच्या वर्षी पैसे येणार आहेत हे आधी माहीत असलं की माणूस नेमता येतो, नाहीतर सगळं तात्पुरतं राहतं. आणि कृपा करून ती रक्कम दहा ठिकाणी चिमूट-चिमूट वाटू नका. प्रत्येक पावतीमागे संस्थेचं कुणीतरी टेबलाशी बसलेलं असतं. एक संस्था, फार तर दोन.

अटी कमी घाला. 'फक्त ऑपरेशनसाठीच वापरा' असं लिहिलं की पाठपुराव्याला जाणाऱ्या माणसाच्या प्रवासाला पैसे उरत नाहीत, आणि संगणक तसाच कुरकुरत राहतो. ज्यांचं काम तुम्ही इतकं तपासून घेतलंत, त्यांना कशाची गरज आहे ते ठरवू द्या. हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर ती हरवलेली यादी आहे.

तीन उरलेल्या नावांतली कोणती, असं तुम्ही विचारलंत. मी त्यांतलं एकही नाव सांगणार नाही, कारण ती तिन्ही फक्त टक्क्यांच्या जोरावर उरली आहेत. मला त्या चौथ्या संस्थेविषयी जाणून घ्यायचं आहे, जी तुम्हाला मनापासून आवडली होती. ती का आवडली हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. काहीतरी पाहिलं असेल, ऐकलं असेल. जुन्या वहीतलं ते पान काढा, लाल फुलीच्या शेजारी त्यांचा फोन नंबर लिहा आणि येत्या सोमवारी सकाळी फोन लावा. दादांविषयी दोन वाक्यं सांगा, सुई-दोऱ्याचं सांगा. मग विचारा की ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी किती जणांना नीट दिसतं, आणि मागच्या वर्षी तुमचं काय चुकलं.

पलीकडचं माणूस गडबडलं तर घाई करू नका, त्याला शोधायला वेळ द्या. आणि उत्तर काय मिळालं ते मला जरूर लिहून कळवा.

— तुमची ताई